माळावरचे फासे

जालन्याचा मस्तगड अठराव्या शतकात, आसफजाही अमदानीत उभा राहिला. त्या काळी शहराची वेस ओलांडली की गवताळ माळ सुरू होई. १८०३ साली भोकरदनजवळ असईची लढाई झाली, पुढे जालन्यात इंग्रजी फौजेची छावणी पडली, आणि १८३७ नंतरच्या काही वर्षांत त्या छावणीत थॉमस जर्डन नावाचा लष्करी डॉक्टर राहून गेला. भारतीय द्वीपकल्पातल्या पक्ष्यांची त्याने केलेली यादी १८३९पासून मद्रासच्या एका नियतकालिकात छापून येऊ लागली. पंचवीस आणि त्याहून अधिक माळढोकांचे थवे पाहिल्याचे तो लिहितो. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ नाहीसा झाला आहे. तो कुणी संपवला याचे सोपे उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले: फासे लावणाऱ्या भटक्यांनी. हे उत्तर इतिहासाला धरून नाही, आणि त्यावर विसंबल्यामुळे माळावरचे पक्षी वाचवायला ज्यांची सर्वांत जास्त गरज होती तेच लोक आपण या कामातून बाहेर काढले, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा तपासू. कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांवरचा आपला लेख १८३२मध्ये प्रसिद्ध केला. एका गृहस्थाने हजारभर माळढोक मारल्याचे त्याने नमूद केले आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड या एकट्या शिकाऱ्याने अहमदनगर भागात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक टिपल्याची नोंद आहे. हा बंदुकीचा हिशेब. फासेपारध्यांकडे बंदूक नव्हती. जनावराच्या पायवाटेवर, तितर-लाव्यांच्या चरण्याच्या जागी फास मांडून बसायचे, हा त्यांचा धंदा. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या शिकारपद्धती अभ्यासल्या, तेव्हा एक विलक्षण वाटणी समोर आली. फासेपारधी हरणे आणि पक्षी धरीत, तिरमल नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर आणि घोरपड मारीत, तर वैदू मुंगूस, उदमांजर, रानमांजर असे छोटे मांसभक्षक सापळ्यात पकडीत. एकाच मुलखात फिरूनही एकाने दुसऱ्याच्या शिकारीवर फारसा हात टाकला नाही. फाशात अडकलेली गाभण हरिणी किंवा पाडस सोडून देण्याची रीतही फासेपारध्यांत होती. फास जनावराला जिवंत धरतो, म्हणूनच असे सोडून देणे शक्य होते. गोळीनंतर विचार बदलता येत नाही.

मग कायदे आले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची साखळी पुढे पारध्यांच्याही पायात पडली. ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तुटली, पण संशय तसाच राहिला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातली. ती बंदी योग्यच होती. मात्र ज्यांचे पोट त्या धंद्यावर चालत होते त्यांच्या हाताला दुसरे काम देण्याचा विचार झाला नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९मध्ये माळढोक अभयारण्य झाले, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, शेते आली, शहरेही आली. मधल्या काळात कालव्याचे पाणी आले, ऊस आला, पडीक म्हणून माळ नांगरले गेले, आणि विजेच्या तारा पसरल्या. पक्ष्याचे घर मोडले ते इथे.

उरल्यासुरल्या घरात एक नवा शत्रू शिरला आहे. माणसाने आणलेला असा शत्रू काय करतो, ते इतरत्र दिसले आहे. न्यूझीलंडमध्ये सशांचा बंदोबस्त करायला १८८०च्या दशकात आणलेल्या स्टोट या छोट्या मांसभक्षकाने उडता न येणारे पक्षी फस्त केले, म्हणून आज तिथले गावकरी आपापल्या परिसरात सापळे लावतात. असे बाहेरून आणलेले भक्षक २०५०पर्यंत संपवण्याचे उद्दिष्टही तिथल्या सरकारने २०१६मध्ये जाहीर केले. आपल्या मुंगसाची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १८७२मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकाला नेली, उसातले उंदीर मारायला. ती तिथल्या पक्ष्यांच्या मुळावर उठली. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर १९७९मध्ये सुमारे तीस मुंगसे सोडली गेली, आणि ती निपटून काढायला खास पथकाला हजारो सापळे घेऊन वर्षानुवर्षे जंगल तुडवावे लागले. सप्टेंबर २०२४मध्ये बेट मुंगूसमुक्त जाहीर झाले. मराठवाड्यात मुंगूस, खोकड, घोरपड ही इथलीच. त्यांच्यासोबत माळढोक, तणमोर, तितर हजारो वर्षे नांदले, तेव्हा त्यांना पकडण्याचे कारणच नाही. आपल्या माळावर माणसाने लोटलेला शिकारी म्हणजे भटके कुत्रे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने १९९०च्या दशकात गिधाडे जवळजवळ संपली, मेलेल्या गुरांचे मांस कुत्र्यांना मिळू लागले, त्यात उकिरड्यांची आणि कोंबडीच्या टाकाऊ मांसाची भर पडली. कुत्र्यांनी हल्ले केलेल्या ८० वन्यप्रजाती भारतातल्या २०१८च्या एका पाहणीत नोंदल्या गेल्या. त्यांतल्या ३१ संकटग्रस्त आहेत. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणाऱ्या माळढोकासारख्या पक्ष्याला एक कुत्रा पुरतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला दयेचा: मुकी जनावरे का पकडायची? पण पकडणे म्हणजे मारणे नव्हे. नसबंदी आणि लसीकरणासाठी कुत्रे धरावेच लागतात, २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही ते काम सांगितलेले आहे. अडचण पुढे आहे: नियम त्यांना धरल्या जागीच परत सोडायला सांगतो. शहराच्या गल्लीत हे पटते, विणीच्या माळावर पटत नाही. तिथे वेगळी तरतूद हवी. आणि उकिरडा तसाच ठेवून कितीही कुत्रे धरले तरी जागा रिकामी राहणार नाही, हे सापळेवाल्यांना आधीपासून ठाऊक असते. दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पारध्याला, वैदूला पुन्हा फाशाकडे नेणे म्हणजे जातीचे काम त्याच्या गळ्यात बांधणे नाही का? वेठीने किंवा दयेपोटी नेमले तर नक्कीच आहे. तेव्हा अट स्पष्ट असावी: वनखात्याच्या वेतनश्रेणीत, प्रशिक्षकाच्या दर्जाने, ज्याची इच्छा असेल त्यालाच, आणि मुलांचे शिक्षण न तोडता. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांनाच सोबत घेऊन गवताळ माळ राखण्याचे काम उभे केले आहे. तणमोर कुठे उडी मारतो, घरटे कुठल्या गवतात असते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

जालना जिल्ह्यात एकही अभयारण्य नाही, पण गायरान आणि वनखात्याचे माळ अजून आहेत. तिथल्या वाड्या-तांड्यांच्या कडेला राहणाऱ्या जाणत्या माणसांना बोलावून विणीच्या जागांची मोजणी करावी, पावसाळ्याच्या तोंडाशी तिथल्या कुत्र्यांचा आणि उकिरड्यांचा बंदोबस्त त्यांच्या सल्ल्याने व्हावा, आणि त्याचा मेहनताना जिल्हा नियोजनाच्या निधीतून द्यावा, एवढी मागणी जिल्हा परिषदेने आणि वनखात्याने मनावर घ्यावी.