ॲपेटाइट

खनिज. स्फटिक षट्कोणी, प्रचिनाकार, पाटन अस्पष्ट, चमक काचेसारखी, कस पांढरा, कठिनता ५, वि. गु. ३.१ ते ३.२. रंग हिरवा, निळा, पिवळा वा जांभळा असल्याने ते वैदूर्य, तोरमल्ली इ. खनिजे समजले जाई. म्हणून १७८६ मध्ये ए. जी. वेर्नर यांनी ‘फसविणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव दिले. ते कॅल्शियमाचे फॉस्फेट असून फ्ल्युओरीन, क्लोरीन वा हायड्रॉक्सिल यांपैकी ज्याचे आधिक्य असेल त्यावरून त्याचे तीन प्रकार करतात.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसरातील बेसाल्टात ते सूक्ष्म सुयांच्या रूपात अल्प प्रमाणात असते. बेसाल्टाच्या अपक्षयाने बनलेल्या काळ्या मातीत त्यातील फॉस्फरस उतरतो. परंतु चुनखडीयुक्त मातीत तो कॅल्शियमाशी बद्ध राहत असल्याने पिकांना पुरेसा मिळत नाही. त्यामुळे फॉस्फरस असूनही खत घालावे लागते. १८४२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉझ यांनी फॉस्फेटावर सल्फ्यूरिक अम्लाची क्रिया करून विद्राव्य सुपरफॉस्फेट बनविण्याचे एकस्व घेतले. बेसाल्टातील ॲपेटाइट वेगळे काढणे परवडणारे नाही. खतासाठी खडक-फॉस्फेटाचे साठेच लागतात. असा मोठा साठा राजस्थानात झामरकोटडा येथे १९६८ मध्ये सापडला.