वाकलेले बोट आणि पट्टी

फ्रेंच वैद्य निकोला आंद्री यांनी इ. स. १७४१ मध्ये बालकांच्या शारीरिक व्यंगांवर ग्रंथ लिहून ‘ऑर्थोपेडी’ हा शब्द रूढ केला. खुंटाला बांधलेल्या वाकड्या झाडाचे त्यातील चित्र आज अनेक अस्थिरोग संस्थांचे बोधचिन्ह आहे.

जन्मतः वाकलेल्या करंगळीला लांदूझी यांनी १९०६ मध्ये ग्रीक शब्दांवरून ‘कॅम्प्टोडॅक्टिली’ हे नाव दिले. पुढे शल्यचिकित्सकांनी तिच्यावर शस्त्र चालविले. बोट सरळ होई, परंतु पुष्कळदा मूठ पूर्ण मिटेनाशी होई. किंचित वाकडे बोट कामास येते, न मिटणारे अडते, हा साधा हिशेब फार उशिरा उमगला.

१९८७ मध्ये जपानमधील होरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रुग्णांच्या ३४ बोटांवरील अनुभव प्रसिद्ध केला. ताण देणारी पट्टी प्रथम काही महिने अहोरात्र, नंतर दिवसाकाठी आठ तास बांधावयाची. वीस बोटे जवळजवळ सरळ झाली. दोन मात्र अधिक वाकली आणि तेही त्यांनी प्रांजळपणे नोंदविले. आज बहुतेक तज्ज्ञ आधी पट्टीच सुचवितात. वाढत्या वयात ती अर्ध्यावर सोडल्यास बोट पुन्हा वाकू शकते; त्यामुळे कित्येक घरांत आईवडील मुलाला निजविताना ती वर्षानुवर्षे बांधीत असतात.