सैनिकाचें फावडें

जुन्या लोखंडाच्या ढिगांतून हिंडण्याची खोड ज्यांना आहे, त्यांच्या दृष्टीस एक चमत्कारिक अवजार केव्हां ना केव्हां पडलेंच असेल. एका अंगास फावड्यासारखें रुंद पातें, दुसऱ्या अंगास टिकावासारखें टोंक, मध्यें दांडा बसविण्याचें नेढें. आणि सगळें मिळून हातभरहि लांब नाहीं. पुण्याच्या जुन्या बाजारांत मीं असेंच एक अवजार घेतलें. विक्रेता त्यास ‘मिलिटरीची कुदळ’ म्हणत होता. घरीं आणून गंज खरवडला, तेव्हां कारखान्याचीं पुसट अक्षरें, १९४२ हें साल आणि तीन रेघांचा एक बाण वर आला. बाणाखालीं इंग्रजी ‘आय’ हें अक्षर होतें.

लढणारानेंच खणावें, ही गोष्ट सर्वत्र रूढ नव्हती. आपल्याकडे मोर्चे बांधणें, खंदक खोदणें, सुरुंग लावणें हीं कामें बेलदारांचीं. वसईचा तट १७३९ सालीं सुरुंगांनीं फुटला; तटावर चढून गेलेल्यांचें यश सर्वांच्या तोंडीं आहे, पण तटाखालीं मातींत पुरुषभर शिरून दारू ठासणाऱ्यांचीं नांवें कितीजणांस ठाऊक आहेत? युरोपांतहि प्रकार फारसा निराळा नव्हता. खणणाऱ्यांच्या पलटणी वेगळ्या, त्यांचीं अवजारें मागून गाड्यांतून येत; आणि शिपायानें उभें राहून बंदूक झाडावी यांतच त्याचें शौर्य मानीत.

हा मान मागून भरावयाच्या बंदुकीनें घालविला. १८६४ सालीं डेन्मार्क व प्रशिया यांच्या युद्धांत लुंडबी गांवाजवळ डॅनिश सैनिकांची एक तुकडी जुन्या पद्धतीनें संगिनी रोखून चालून गेली. प्रशियन शिपायांपाशीं नव्या बंदुका होत्या. थोड्याच मिनिटांत साठांहून अधिक डॅनिश सैनिक पडले किंवा घायाळ झाले; प्रशियनांचे जखमी अवघे तीन! या धड्यानंतर पांच वर्षांनीं, १८६९ सालीं, लिनेमान या डॅनिश अधिकाऱ्यानें कमरेस लटकवितां येईल अशा आंखूड फावड्याचा हक्क नोंदविला. पुढच्याच वर्षीं तें त्याच्या देशाच्या सैन्यांत आलें. मग ऑस्ट्रियानें उचललें, आणि जर्मनी, फ्रान्स, रशिया मागोमाग आले. रशियास त्याची खरी किंमत कळली ती १८७७ सालीं प्लेव्हना येथें. उस्मान पाशाच्या तुर्कांनीं मातीचे बुरूज आणि खंदक उभारून रशियाचे हल्ले एकामागून एक परतविले, व त्या एका गांवासाठीं बलाढ्य रशियास जुलैपासून डिसेंबरपर्यंत अडकून राहावें लागलें.

इंग्रजांची चाल मात्र धरसोडीची. वॅलेस नांवाच्या अधिकाऱ्याचें एक अवजार कांहीं वर्षें वापरून त्यांनीं टाकून दिलें. त्याच्या जागीं १९०८ सालीं जो नमुना आला, त्याचें मूळ हिंदुस्थानांतील सैन्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘सरहिंद’ अवजारांत आहे. साम्राज्याच्या शिपायाच्या पाठीवर पंजाबांतल्या एका जुन्या शहराची आठवण अशी चढून बसली, याची मला मौज वाटते! पातें कापडी पिशवींत कमरेमागें व दांडा संगिनीच्या म्यानाशेजारीं, अशी त्याची सोय असे. मध्यंतरीं तेंहि बाद झालें. दुसऱ्या महायुद्धांत तें पुन्हां आलें, तेव्हां दांड्याच्या टोंकास संगीन बसवून भूमींतले सुरुंग चांचपण्याचें काम त्याजकडे आलें. माझें अवजार या दुसऱ्या अवताराचें.

आतां तो बाण. तो रोम्नीच्या अर्लच्या कुलचिन्हावरून आला, असें सांगण्याची रीत आहे. हा अर्ल १६९३ पासून इंग्लंडच्या तोफखाना व दारूगोळा खात्याचा मुख्य होता. पण त्याच्या पूर्वींपासूनच सरकारी मालावर बाण दिसतो, तेव्हां ही कथा टिकत नाहीं. त्याचा खरा उपयोग चोरी पकडण्याचा. माल बाणांकित असला व बाळगणारास तो कोठून आला हें सांगतां आलें नाहीं, तर १६९८ च्या कायद्यान्वयें तो गुन्हेगार ठरे. अमेरिकेंतील वसाहतींत डोलकाठ्यांसाठीं राखलेल्या पाइन वृक्षांवरहि हाच बाण कोरीत, आणि १७७२ सालीं न्यू हॅम्पशायरमध्यें त्या झाडांपायीं दंगा झाला. इंग्लंडांतील कैद्यांच्या कपड्यांवरहि बाण असत. म्हणजे माणूससुद्धां सरकारी माल! हिंदुस्थानच्या मालावर बाणाशीं ‘आय’, कॅनडाच्या मालावर ‘सी’च्या पोटांत बाण, आणि माल विकून टाकला म्हणजे दोन बाण टोंकास टोंक लावून ठोकीत. माझ्या अवजारावर दुसरा बाण नाहीं. तें बाजारांत कसें आलें, हें विचारण्याचें मीं टाळलें.

इतकें सगळें हें लोखंड सांगतें. तें कोणाच्या हातांत होतें, तेवढेंच सांगत नाहीं. मालकाची खूण आहे, कारखानदाराची आहे, खणणाराची नाहीं. १९१५ च्या डिसेंबरांत टायग्रिसच्या वळणांत कूत गांवीं पुण्याची सहावी डिव्हिजन कोंडली गेली. तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या आणि खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्या होत्या. नदीच्या वळणाचें तोंड त्यांनीं खंदकांनीं बंद केलें. जानेवारींत पूर येऊन पुढचे खंदक बुडाले, तेव्हां मागें सरून दुसरे धरले. २९ एप्रिल १९१६ रोजीं अन्न संपून शरणागति पत्करावी लागली. त्यानंतर तुर्कांनीं हिंदी कैद्यांपैकीं पुष्कळांस रास-अल-ऐन येथें रेल्वेच्या कामावर लाविलें. तेथें पुन्हां त्यांच्या हातीं कुदळफावडीं आलीं.