आयगेन मूल्यांची गणना: बहुपदीची वाट कशी सुटली

मॅट्रिक्सने एखाद्या सदिशाला गुणले की त्याची लांबी बदलते आणि सहसा दिशाही बदलते. काही दिशा मात्र अशा असतात की त्यांतला सदिश आपली रेषा सोडत नाही. तो लांबतो, आखडतो किंवा उलटा होतो, इतकेच. किती पटीने, हे सांगणारी संख्या म्हणजे त्या मॅट्रिक्सचे आयगेन मूल्य. पूल कोणत्या वारंवारतेला डोलू लागेल, रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या कोणत्या, ग्रहांच्या कक्षा लाखो वर्षांत कशा सरकतील, असे प्रश्न अखेर या संख्यांपाशीच येतात. त्या काढण्याची महाविद्यालयात शिकवली जाणारी कृती सरळ आहे: मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णातून अज्ञात संख्या वजा करायची, निर्धारक विस्तारायचा आणि हाती आलेल्या बहुपदीची मुळे शोधायची. तीन ओळी-तीन स्तंभांच्या उदाहरणात ती चोख चालते. प्रत्यक्ष गणना करणाऱ्यांना मात्र ही कृती सोडून द्यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

एक अडचण आधीपासूनच ठाऊक होती. पाचव्या व त्यापुढच्या घाताच्या समीकरणांना मुळांचे सर्वसाधारण सूत्र असू शकत नाही, हे नॉर्वेच्या नील्स आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केले. कोणतीही बहुपदी एखाद्या मॅट्रिक्सच्या रूपात मांडता येते, त्यामुळे आयगेन मूल्यांनाही तोच निर्बंध लागू पडतो. मोठ्या मॅट्रिक्ससाठी मोजक्या पायऱ्यांत नेमके उत्तर देणारी रीत सापडणे शक्य नाही; उत्तराच्या जवळ जवळ सरकत जाणे एवढेच हातात उरते. प्रश्न होता तो कशावरून सरकत जायचे याचा: बहुपदीवरून की खुद्द मॅट्रिक्सवरून?

या प्रश्नाची जन्मभूमी खगोलशास्त्र. ग्रह एकमेकांना खेचतात आणि त्यामुळे त्यांच्या कक्षा अतिशय संथपणे बदलतात. लाग्रांज आणि लाप्लास यांनी अठराव्या शतकात हे बदल समीकरणांत बांधले. त्या समीकरणांत मॅट्रिक्स उघड दिसत नव्हते, पण आयगेन मूल्यांचाच हिशोब होता. सममित मॅट्रिक्सची सर्व आयगेन मूल्ये वास्तव असतात, ही सिद्धता कोशीने १८२९ मध्ये दिली. पुढे १८४० मध्ये ल व्हेरिएने तेव्हा ज्ञात असलेल्या सात मुख्य ग्रहांसाठी हे काम आकड्यांनिशी केले. त्याची वाट बहुपदीचीच होती. १८४६ मध्ये त्याच्याच गणितावरून बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला आणि सातांचे आठ ग्रह झाले. त्याच वर्षी कार्ल जाकोबीने क्रेलच्या नियतकालिकात एक लेख छापला. त्यात ल व्हेरिएचेच सात ग्रहांचे सहगुणक घेऊन त्याने बहुपदी अजिबात न मांडता उत्तर काढले.

जाकोबीची युक्ती अशी. सममित मॅट्रिक्सचे कर्णाबाहेरचे सर्व घटक शून्य झाले तर कर्णावरच्या संख्या हीच आयगेन मूल्ये. सात ग्रहांच्या मॅट्रिक्समध्ये कर्णाबाहेर घटकांच्या २१ जोड्या असतात. त्यांतली एक जोडी निवडायची आणि दोन अक्ष अशा कोनातून फिरवायचे की ती जोडी शून्य होईल. पुढच्या जोडीला हात घातला की आधीची शून्ये पुन्हा बिघडतात, आणि इथेच रीत फसली असे वाटते. पण प्रत्येक परिभ्रमणात कर्णाबाहेरच्या घटकांच्या वर्गांची बेरीज नष्ट केलेल्या घटकाच्या वर्गाच्या दुपटीने घटते आणि ती पुन्हा कधीच वाढत नाही. ओझे हळूहळू कर्णावर येऊन बसते. जाकोबीने परिभ्रमणे शेवटपर्यंत नेली नाहीत. कर्ण पुरेसा वरचढ झाल्यावर उरलेले काम त्याने दुसऱ्या एका क्रमिक रीतीने पुरे केले. आकडेमोडीचे कष्ट उपसले त्याचा विद्यार्थी लुडविग सायडेल याने. सायडेल पुढे स्वतःच्या नावाच्या रीतीने प्रसिद्ध झाला, तो भाग वेगळा.

यानंतर जवळजवळ एक शतक हा लेख कपाटात पडून राहिला. कारण साधे होते: कागद-पेन्सिलीने इतकी परिभ्रमणे करणाऱ्याला तेवढीच निकड हवी, आणि खगोलशास्त्राबाहेर ती कोणाला नव्हती. निकड आली विमानांमुळे. वेग वाढला की पंख थरथरू लागतात आणि ही थरथर आवरली नाही तर पंख तुटतो. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत फ्रेझर आणि डंकन यांनी १९२८ मध्ये या 'फ्लटर'चा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. कोलारसह त्यांनी १९३८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे मॅट्रिक्स अभियंत्यांच्या टेबलावर आले.

१९२९ मध्ये रिखार्ड फॉन मिझेस आणि हिल्डा गाइरिंगर यांनी घातपद्धत मांडली. ही सर्वांत सोपी रीत: कोणताही सदिश घ्यायचा आणि त्याला मॅट्रिक्सने पुन्हा पुन्हा गुणत राहायचे. कर्णावर २ आणि २, कर्णाबाहेर १ आणि १ असे छोटे मॅट्रिक्स घेऊन (१, ०) या सदिशापासून आरंभ केला तर क्रमाने (२, १), (५, ४), (१४, १३), (४१, ४०) हे सदिश मिळतात. पहिल्या घटकांची लागोपाठची गुणोत्तरे २, २.५, २.८, २.९३ अशी चढत ३ कडे जातात, आणि ३ हेच या मॅट्रिक्सचे सर्वांत मोठे आयगेन मूल्य. दोन मूल्ये एकमेकांच्या जवळ असली की मात्र ही रीत रखडते, आणि ती एका वेळी एकच मूल्य देते. तरीही ती मेली नाही. १९९८ मध्ये ब्रिन आणि पेज यांनी इंटरनेटवरच्या पानांची प्रतवारी लावायला तीच वापरली.

जहाजबांधणीतले रशियन गणिती अलेक्सेई क्रिलोव यांनी १९३१ मध्ये याच गुणाकारांच्या मालिकेतून बहुपदीचे सहगुणक स्वस्तात मिळवण्याची रीत दिली. आज मोठ्या मॅट्रिक्सच्या क्षेत्रात त्यांचे नाव रोज घेतले जाते, ते त्या मालिकेसाठी. जी बहुपदी मिळवण्यासाठी त्यांनी मालिका रचली, तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रे आली आणि त्यांच्यासोबत एक भीतीही आली. हजारो पायऱ्यांत प्रत्येक वेळी शेवटचा आकडा गोल केला तर चुका साचून उत्तर निकामी होईल, असे पुष्कळांना वाटे. संख्याशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांच्या १९४३ च्या अंदाजानुसार एकेक अज्ञात वाढताना चूक चौपट होऊ शकत होती. म्हणजे अठरा समीकरणांत अकराएक आकडे वाया. नेमकी अठरा अज्ञातांची अठरा समीकरणे युद्धानंतर लगेच नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत सोडवायला आली. फॉक्स, गुडविन, ट्युरिंग आणि नुकताच रुजू झालेला जेम्स विल्किन्सन यांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर ती सोडवली. उत्तर मूळ समीकरणांत घालून पाहिले, तेव्हा फरक अतिशय किरकोळ निघाला. हॉटेलिंगची भीती प्रत्यक्षात उतरली नव्हती.

विल्किन्सनने या अनुभवाचा धागा पकडून ठेवला. त्याचा निष्कर्ष असा की यंत्राने काढलेले उत्तर चुकीचे आहे का, हा प्रश्न उलटा करून विचारावा: हे उत्तर मूळ मॅट्रिक्सपासून किंचित ढळलेल्या दुसऱ्या कोणत्या मॅट्रिक्सचे अचूक उत्तर आहे? ते ढळणे आकडे गोल करण्याइतकेच असेल तर पद्धतीला दोष नाही. उरलेला दोष प्रश्नाच्या नाजूकपणाचा. या एका वळणामुळे चांगली रीत आणि वाईट रीत यांत फरक करता येऊ लागला.

बहुपदीची वाट किती वाईट, हे त्यालाच अनपेक्षितपणे कळले. 'पायलट एस' या यंत्रावर मुळे काढण्याची आज्ञावली तपासायला त्याने १ ते २० हे पूर्णांक मुळे असलेली वीस घाताची बहुपदी घेतली. मुळे इतकी सुटी सुटी की कोणतीही रीत ती सहज शोधील. यंत्राने मात्र भलतेच आकडे दिले. शोध घेतल्यावर दिसले की दोष आज्ञावलीत नव्हता, बहुपदीतच होता. एकोणिसाव्या घाताचा सहगुणक उणे २१०. त्यात तेविसाव्या द्विमान स्थळावर, म्हणजे सुमारे ०.००००००१२ इतका, फरक केला की लहान मुळे जवळपास जागच्या जागी राहतात, २० चे २०.८५ होते आणि मधली दहा मुळे वास्तवच उरत नाहीत. १६ आणि १७ च्या जागी १६.७३ हा वास्तव भाग आणि अधिक-उणे २.८१ हा काल्पनिक भाग असलेली सदसत् जोडी येते. याउलट हीच वीस मूल्ये असलेल्या सममित मॅट्रिक्सला तेवढाच धक्का दिला तर मूल्येही तेवढीच हलतात. मॅट्रिक्सवरून बहुपदीकडे जाणे म्हणजे सोपा प्रश्न आपल्या हाताने अवघड करून घेणे होते. १९८४ मध्ये लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकात विल्किन्सनने बहुपदीला दगाबाज ठरवले.

दरम्यान १९५० च्या सुमारास फॉन नॉयमान, गोल्डस्टाइन आणि मरे यांनी जाकोबीची परिभ्रमणे पुन्हा बाहेर काढली. यंत्राला कंटाळा येत नसल्याने त्या रीतीचा जुना दोष आता दोष राहिला नव्हता. वॉलेस गिव्हन्सने १९५४ मध्ये तीच परिभ्रमणे वेगळ्या हेतूने वापरली: पूर्ण कर्णरूप आणण्याचा हट्ट सोडून फक्त कर्ण आणि त्याच्या दोन्ही बाजूंची एकेक रांग उरेल इथवर थांबायचे. असे त्रिकर्णी रूप मोजक्या पायऱ्यांत मिळते. १९५८ मध्ये ऑल्स्टन हाउसहोल्डरने परिभ्रमणाऐवजी परावर्तन घेतले. एका परावर्तनात पूर्ण स्तंभ साफ होतो. आजही बहुतेक गणनांची पहिली पायरी हीच.

सममित नसलेल्या मॅट्रिक्सचा प्रश्न तरीही उरला होता. झुरिकच्या हाइन्झ रुटिशाउझरने १९५८ मध्ये एक चमत्कारिक वाटणारी रीत दिली. मॅट्रिक्सचे दोन त्रिकोणी अवयव करायचे, ते उलट्या क्रमाने गुणायचे आणि मिळालेल्या मॅट्रिक्सवर तेच पुन्हा करायचे. आयगेन मूल्ये बदलत नाहीत, पण कर्णाखालचा भाग शून्याकडे जातो. दोष एवढाच, की त्रिकोणी अवयव कधी कधी प्रचंड मोठे होतात आणि अचूकता बुडते.

लंडनमध्ये नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या जॉन फ्रान्सिससमोर फ्लटरचीच मॅट्रिक्स होती आणि फेरांटीचे 'पेगासस' यंत्र. केंब्रिजचे शिक्षण त्याने पदवीविना सोडले होते. त्याने एका त्रिकोणी अवयवाच्या जागी लंबरूप अवयव घेतला. लंबरूप मॅट्रिक्स लांबी बदलत नाही, त्यामुळे आकडे फुगत नाहीत. हीच क्यूआर पद्धत. याच सुमारास लेनिनग्राडच्या स्टेक्लोव संस्थेत व्हेरा कुब्लानोवस्काया स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी पोहोचल्या. दोघांचेही काम १९६१ मध्ये छापून आले. मूळ कल्पना दोघांची, पण रोजच्या वापरातले रूप फ्रान्सिसचे. मॅट्रिक्स आधी हेसेनबर्ग रूपात, म्हणजे कर्णाखाली एकच रांग उरेल अशा रूपात, आणले तर प्रत्येक फेरीचा खर्च एका घाताने उतरतो. योग्य संख्या कर्णातून वजा करून मग अवयव पाडले तर फेऱ्या फारच थोड्या लागतात. सदसत् मूल्ये जोडीने येत असल्याने दोन वजाबाक्या एकत्र करून पूर्ण हिशोब वास्तव संख्यांतच उरकता येतो. या शेवटच्या युक्तीला आजही त्याचे नाव आहे. १९६२ मध्ये लेखाचा दुसरा भाग छापून आल्यावर फ्रान्सिस हे क्षेत्र सोडून गेला. आपल्या पद्धतीवर जगभराची गणना उभी आहे, हे जीन गोलुब आणि फ्रँक उलिग यांनी २००७ मध्ये त्याला शोधून काढले तेव्हा त्याला कळले.

विल्किन्सनचा १९६५ चा ग्रंथ आणि १९७१ मध्ये राइन्शसोबत काढलेला आल्गोल आज्ञावल्यांचा संग्रह यांनी हे ज्ञान पक्के केले. त्यावरून अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेत फोर्ट्रानमधल्या आज्ञावल्यांचा 'आइसपॅक' हा संच तयार झाला आणि पुढे १९९२ मध्ये 'लॅपॅक'. विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न लिहिता आइसपॅक वापरता यावे म्हणून क्लीव्ह मोलरने मॅटलॅबची पहिली आवृत्ती केली. त्यात बहुपदीची मुळे मागितली तर यंत्र आधी तिचे मॅट्रिक्स रचते आणि त्याची आयगेन मूल्ये काढते.

लाखो ओळींच्या मॅट्रिक्सवर क्यूआर चालत नाही, कारण तेवढे घटक स्मृतीत मावत नाहीत. अशा मॅट्रिक्समध्ये बहुतेक घटक शून्य असतात, म्हणून गुणाकार तेवढा स्वस्त पडतो. कॉर्नेलियस लांचोसने १९५० मध्ये क्रिलोवची मालिका घेतली, पण तिच्यातून बहुपदी नव्हे तर परस्परलंब सदिश काढले. आकडे गोल होताना सदिशांची लंबरूपता नाहीशी होते, या कारणाने हाउसहोल्डरच्या रीतीपुढे ती मागे पडली. १९७१ मध्ये क्रिस पेजने आपल्या प्रबंधात दाखवले की लंबरूपता जाते ती एखादे मूल्य सापडत आल्यावरच, आणि ते मूल्य अचूकच असते. फार तर त्याच्या जादा नकला निघतात. वीस वर्षे बाजूला पडलेली रीत त्यानंतर मोठ्या मॅट्रिक्ससाठी प्रमुख झाली.

त्रिकर्णी मॅट्रिक्सची कथाही पुढे सरकली. यान कुपनने १९८१ मध्ये मॅट्रिक्स मधोमध तोडून दोन्ही तुकडे स्वतंत्र सोडवण्याची रीत दिली. मूल्ये एकमेकांना चिकटून असली की त्यांचे सदिश परस्परलंब ठेवण्यात बहुतेक वेळ जाई, आणि तो खर्च ओळींच्या संख्येच्या घनाइतका वाढत असे. मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेतलेल्या इंदरजित ढिल्लन यांनी बर्कलेत बेरेस्फोर्ड पार्लेट आणि जेम्स डेमेल यांच्या हाताखाली केलेल्या १९९७ च्या प्रबंधात हा खर्च टाळला. चिकटलेल्या मूल्यांच्या प्रत्येक गुच्छासाठी मॅट्रिक्सचे वेगळे अवयवरूप निवडायचे, ज्यात ती मूल्ये सापेक्षतः दूर दूर पडतात. मग प्रत्येक सदिश स्वतंत्रपणे काढला तरी तो इतरांना लंब निघतो आणि एकूण खर्च वर्गाइतकाच राहतो. ही रीतही पुढे लॅपॅकमध्ये दाखल झाली.