एका रुपयाला किती पेन्स? जुना विनिमय दर वाचताना

जुन्या सरकारी अहवालात आकड्यांचा तक्ता सापडला की तो लगेच एक्सेलमध्ये उतरवायची घाई होते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मीही तेच केलं आणि एक अख्खं प्रकरण उलटं लिहून बसले. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

विषय आहे रुपया आणि पौंड. आधी साधा हिशेब. एका पौंडाचे २० शिलिंग, एका शिलिंगचे १२ पेन्स; म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. आज आपण 'एका डॉलरला इतके रुपये' म्हणतो. तेव्हा उलट, 'एका रुपयाला इतके पेन्स' असा दर सांगत. त्यामुळे जुन्या कागदात आकडा खाली आला की रुपया घसरला असं समजायचं.

१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच चांदीचा रुपया आला. इंग्लंडचं चलन मात्र सोन्यावर. म्हणजे रुपया-पौंडाचा दर हा मुळात चांदी-सोन्याचा भाव. १८७० च्या सुमारापर्यंत रुपया दोन शिलिंगांच्या, म्हणजे २४ पेन्सच्या आसपास राहिला. मग जर्मनीने सोन्याचं चलन स्वीकारून चांदी विकायला काढली, अमेरिकेतल्या खाणींतून नवी चांदी आली आणि भाव कोसळला. १८९४-९५ मध्ये रुपया जेमतेम १३ पेन्सवर आला. त्याआधी, १८९३ मध्येच, सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं होतं. रुपयाची टंचाई होऊन दर हळूहळू १६ पेन्सपर्यंत चढला. म्हणजे पौंडाला १५ रुपये.

यात एवढं काय, असं वाटेल. पण इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जावरचं आणि रेल्वेचं व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च हे सगळं लंडनमध्ये पौंडात द्यावं लागे. यालाच 'होम चार्जेस' म्हणत. शेतसारा मात्र रुपयात जमा व्हायचा. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागायचे.

आता माझी चूक. त्या काळच्या हिशेबांत 'आर एक्स' असं एक चिन्ह असतं. त्याचा अर्थ दहा रुपये. रुपया दोन शिलिंगांचा होता तेव्हा दहा रुपये म्हणजे बरोबर एक पौंड. ती सवय दर कोसळल्यावरही हिशेबात टिकली. मी 'आर एक्स' म्हणजे पौंडच धरला. उदाहरण म्हणून सोपे आकडे घ्या: महसूल नऊ कोटी 'आर एक्स' आणि लंडनचा खर्च दीड कोटी पौंड. माझ्या पद्धतीने खर्च महसुलाच्या एक षष्ठांश. पण महसूल खरा ९० कोटी रुपये, आणि १६ पेन्सच्या दराने दीड कोटी पौंड म्हणजे साडेबावीस कोटी रुपये. म्हणजे एक चतुर्थांश! 'लंडनचा बोजा फारसा वाढला नाही' असं मी ठामपणे लिहिलं होतं. मॅडमनी मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला, "यातला पौंड कुठला?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून कुठलाही दर समोर आला की मी तीन प्रश्न विचारते.

पहिला, एकक कोणतं? खरा पौंड की हिशेबापुरता?

दुसरा, दर कायद्यातला की बाजारातला? १९२० मध्ये सरकारने कायद्याने रुपया सोन्यातल्या दोन शिलिंगांना बांधला. बाजाराने तो जुमानला नाही; दर झपाट्याने खाली आला. तरी १९२७ पर्यंत कायद्यात दोन शिलिंगच होते. नुसता कायदा वाचून त्या वर्षांचं रूपांतर केलंत तर आकडे साफ चुकतील.

तिसरा, हा दर कोणाला हवा होता? १९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगाने १८ पेन्सची शिफारस केली. सदस्य पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सचा आग्रह धरला. दोन पेन्सचा वाद क्षुल्लक वाटतो. पण रुपया महाग झाला की सरकारला लंडनची देणी स्वस्त पडतात, आयात माल स्वस्त होतो. आणि कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात कमी रुपये येतात. देशी गिरणीला परदेशी कापडाशी झुंजणं अवघड जातं.

याच आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली होती. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने आला. परदेशी चलनाशी दर स्थिर ठेवण्यापेक्षा रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर राहणं महत्त्वाचं, असा त्यांचा मुद्दा होता. तो वाचल्यावर मला कळलं की मी दराकडे फक्त गुणाकाराचा आकडा म्हणून बघत होते.

ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं. चार महिने गेले, निष्कर्ष उलटा झाला. तुम्ही तक्ता उतरवायला बसाल तेव्हा पहिल्या ओळीच्या वर, रकान्याच्या डोक्यावर काय छापलंय ते आधी वाचा.