मूल कोणाच्या मालकीचे? मनुस्मृतीपासून कौटुंबिक न्यायालयापर्यंत

नवरा-बायकोचा वाद मिटवण्यासाठी वस्तीत बैठक बसते. आम्ही अशा अनेक बैठकांत बसलो आहोत. लग्नाचा खर्च, भांडीकुंडी, दागिने, सगळ्याचा हिशेब होतो. शेवटी कोणीतरी सहा-सात वर्षांच्या लेकराला मध्ये उभे करून विचारतो, "सांग, कोणाकडे राहणार?" लेकरू खाली बघते. मग घरून पढवून आणलेले वाक्य बोलते. आई वाईट आहे, किंवा बाप वाईट आहे. शब्द मोठ्यांचे, तोंड लेकराचे.

मुलाला एका पालकाविरुद्ध असे पढवून तोडण्याच्या प्रकाराला १९८५ साली रिचर्ड गार्डनर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 'पॅरेंटल एलियनेशन सिंड्रोम' हे नाव दिले. नाव नवे आहे. पण मूल एका बाजूच्या मालकीचे असते ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ती कुठून आली हे पाहिल्याशिवाय आजचा प्रश्न सुटणार नाही, असे आमचे म्हणणे आहे.

मनुस्मृतीचा नववा अध्याय पाहा. तिथे स्त्री म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बी. पीक कोणाचे, बी टाकणाऱ्याचे की शेतमालकाचे, यावर तिथे चर्चा चालते. दोन्ही दावेदार पुरुषच. शेताला काही हक्क आहे का, हा प्रश्नच नाही. उगवलेल्या पिकाला तर विचारायचेच नसते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळला गेला, त्यात आई-मुलाच्या नात्याबद्दलचा हा विचारही होता. तो मात्र कागदाबरोबर जळला नाही.

इंग्रजांच्या कायद्यानेही तो सांभाळला. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचे आपण कौतुक ऐकतो. त्याच कायद्यात अशी तरतूद होती की विधवेने पुनर्विवाह केला, तर मृत नवऱ्याचे नातेवाईक न्यायालयात जाऊन मुलांसाठी दुसरा पालक नेमून मागू शकतात. नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्कही जाई. नवे आयुष्य मागणाऱ्या बाईला मूल गमावण्याची भीती कायद्यानेच घातली.

उलट उदाहरणही याच मातीतले आहे. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. कोणाचे बी, कोणती जात, हे त्यांनी पाहिले नाही. यशवंत शिकून डॉक्टर झाला. जो वाढवतो तो पालक, ही गोष्ट फुले दांपत्याने जगून दाखवली.

आता आपल्याकडेही बोट दाखवू. हिंदू कोड बिलावर बोलताना बाबासाहेबांनी सभागृहाला सांगितले होते की घटस्फोट ही काही परकी गोष्ट नाही. ज्यांना शूद्र म्हटले जाते त्या बहुसंख्य समाजात काडीमोडीची रूढी आहेच. हे खरे आहे आणि आपण ते अभिमानाने सांगतो. पण काडीमोड झाली, बाईने पाट लावला, तरी पहिल्या नवऱ्याची मुले त्याच्या भावकीतच राहावीत, हा रिवाज अनेक ठिकाणी होता. काडीमोडीने बाई सुटली, पण मुलावरची मालकी सुटली नाही.

कोड बिल अडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये त्या बिलाचे तुकडे वेगवेगळे कायदे म्हणून आले. त्यातला १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आपल्यालाही, म्हणजे बौद्धांनाही, लागू आहे. त्याचे कलम ६ सांगते की नैसर्गिक पालक बाप आणि 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहील, पण ती सवलत ताब्याची, पालकत्वाची नव्हे. लेखिका गीता हरिहरन यांना मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना बापाची सही मागितली गेली, तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितले की 'नंतर' म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच नव्हे, तर त्याच्या अनुपस्थितीतही. अर्थ बदलला, कलमातला शब्द तसाच राहिला.

त्याच कायद्याचे कलम १३ मात्र सांगते की मुलाचे हित सर्वांत वर. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातही समजत्या मुलाची पसंती विचारात घेण्याची सोय आहे. म्हणजे एकाच कायद्यात बापाचा अग्रहक्क आहे आणि मुलाचे माणूसपणही आहे.

आजचा प्रश्न इथे येतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात या पढवण्याची दखल घेतली. मुलाला निष्ठेच्या अशा स्पर्धेत ओढले जाते जी ते कधीच जिंकू शकत नाही, आणि एका पालकाला पूर्ण काळे रंगवल्याने त्याची वास्तवाची समजच बिघडते, असा त्यातला आशय होता. बैठकीतल्या त्या लेकराचे हेच होते. आईला भेटल्याचे ते बापापासून लपवते, खोटे बोलायला शिकते, आवडत्या माणसाचा तिरस्कार केल्याचा अपराध मनात घेऊन मोठे होते.

पण सावध राहिले पाहिजे. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईचे मूल बापाला घाबरत असेल, तर ते 'पढवलेले' नसते; त्याने पाहिलेले असते. अशा बायकांविरुद्ध हा शब्द हत्यार म्हणून वापरला जातो, असा इशारा संयुक्त राष्ट्रांच्या महिला हिंसाचारविषयक विशेष प्रतिनिधींनी २०२३ च्या अहवालात दिला. २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की वागणुकीचे ठोस प्रसंग तपासल्याशिवाय कोणत्याही पालकावर हा शिक्का मारू नये. म्हणून आधी हिंसा झाली का ते विचारा. झाली असेल तर मुलाची सुरक्षा पहिली. झाली नसेल, तर मुलाला दोन्ही पालक मिळू द्या.

आपण कार्यकर्ते कायद्याची वाट का पाहतो? आपल्या विहारात, आपल्या बैठकीत आजपासून काही गोष्टी बदलता येतात. मुलाला सगळ्यांसमोर उभे करून निवड विचारू नका. पोटगी थकली म्हणून भेट बंद आणि भेट बंद म्हणून पोटगी बंद, ही अदलाबदल थांबवा. दोन्ही हक्क मुलाचे आहेत. भेटीचे दिवस कागदावर लिहा. आजी-आजोबांनाही बजावा की लेकरासमोर सुनेची किंवा जावयाची निंदा चालणार नाही.

प्रत्येक माणसाला स्वतंत्र किंमत आहे, हे आपण संविधानातून शिकलो. ती किंमत सहा वर्षांच्या लेकरालाही आहे. पुढच्या बैठकीत हिशेबाचा कागद निघेल, तेव्हा भांड्यांच्या यादीत लेकराचे नाव येऊ देऊ नका.

जय भीम.