न फुगलेला डबा

डबाबंद अन्नाचा डबा फुगला असेल तर तो फेकून द्यावा, हे बहुतेक घरांत ठाऊक असते. आत जंतू वाढले की वायू तयार होतो आणि पत्रा वर येतो. पण विषमज्वराचे, म्हणजे टायफॉईडचे, जंतू असा वायू करीत नाहीत. त्यांनी भरलेला डबा चांगल्या डब्यासारखाच दिसतो.

१९६४ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात टायफॉईडची साथ आली. सुमारे ५०० माणसे आजारी पडली. चौकशीत संशय आला तो अर्जेंटिनाहून आलेल्या सहा पौंडी डब्यावर. आत कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेले गोमांस.

हे मांस डबा बंद केल्यावर चांगले तापवतात. त्या आचेत टायफॉईडचे जंतू टिकत नाहीत. मग ते आले कुठून? आच संपल्यावर! तापलेला डबा पाण्याने गार करतात. आतली वाफ निवली की आत पोकळी होते आणि सांध्याला केसाएवढी फट असली तरी डबा बाहेरचे पाणी ओढून घेतो. रोझारिओच्या कारखान्यात हे पाणी पाराना नदीचे होते आणि त्यात क्लोरिन घातलेले नव्हते. आतले बाकीचे जंतू आचेने मेलेले. नव्या पाहुण्याला रान मोकळे.

ॲबर्डीनच्या एका सुपरमार्केटमध्ये डबा उघडला आणि मांस चकत्या करणाऱ्या यंत्रावर चढले. त्याच पात्याखाली मग दुसरी शिजवलेली मांसेही गेली. त्यामुळे कॉर्न्ड बीफला हातही न लावलेली माणसे तापाने फणफणली. (आपल्या फरसाणवाल्याचा सगळ्याला चालणारा एकच चाकू आठवावा.)

हे अगदी अवचित घडले असेही नाही. १९६३ मध्येच हार्लो, साऊथ शील्ड्स आणि बेडफर्ड येथल्या साथींचा संबंध कॉर्न्ड बीफशी लावला गेला होता. तरी संशयित माल दुकानांत राहिला. मिल्न समितीने याबद्दल सरकारी खात्यांना दोष दिला. पण शहराचे आरोग्याधिकारी इयन मॅक्वीन यांनाही तिने सोडले नाही. ते रोज पत्रकारांना बोलावून माहिती देत, लोकांना हात धुवायला सांगत. त्यातून गाजावाजा फार झाला, हा ठपका. मला तो अन्यायाचा वाटतो. माल वेळीच न काढणारे गप्प होते. बोलत होते ते एकटे मॅक्वीन.